'रिझेंटमेंट'ला अढी म्हणावे काय?

अनुवादिका: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना एका वाक्यापाशी अडले आहे. आजारी वडिलांची १० वर्षे शुश्रूषा करणारी बहीण आठवड्याभरासाठी परदेशाहून आलेल्या भावाशी बोलते, तेव्हा तिच्या स्वरात राग नव्हता, रिझेंटमेंट होते, असे लेखिका म्हणते. मी 'अढी' लिहिले; संपादकांनी ते खोडून 'कटुता' केले. कटुता दोघांच्या संबंधांत येते; ही भावना एकट्या बहिणीची आहे आणि भावाला तिचा पत्ताही नाही. आपण काय लिहिले असते?

जुना वाचक: 'अढी' चूकच आहे. अढी बसायला अन्याय घडावा लागत नाही; नव्या जावयाने पहिल्याच पंगतीत आमटी नको म्हटली, तरी सासूच्या मनात ती कायमची बसू शकते. रिझेंटमेंटच्या मुळाशी मात्र अन्यायाची जाणीव असते. शब्द फ्रेंचमधून आला आणि तीव्रतेने जाणवणे हा त्याचा मूळ भाव. १७व्या शतकातल्या इंग्रजीत तर तो कृतज्ञतेसाठीही वापरला जात असे. 'सल' लिहावा.

रत्नागिरीकर: सल ज्याचा त्याला बोचतो, त्यात समोरच्यावरचा रोख येत नाही. मी अढीच्या बाजूचा, कारण आमच्याकडे आंबे पेंढ्यात अढी घालूनच पिकवतात. वरून काही दिसत नाही, आत ऊब धरत जाते, आणि एक फळ नासले की शेजारची चार बिघडवते. मनातली अढी यावरूनच आली असणार.

जुना वाचक: कल्पना रसाळ आहे, पण तिला व्युत्पत्ती म्हणवत नाही. आंबा अढीत गोड होतो. मनातली अढी गोड झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पुण्याचा विद्यार्थी: मूळ शब्दच का ठेवू नये? तत्त्वज्ञ नीत्शेने १८८७ साली जर्मनमध्ये लिहितानाही फ्रेंच 'रसांतिमाँ' तसाच ठेवला, आणि शब्द घडवण्यात पटाईत असलेल्या त्या भाषेला त्यात कमीपणा वाटला नाही. माझे मित्र घरच्या भांडणातही रिझेंटमेंट म्हणतात.

अनुवादिका: नीत्शेला संज्ञा हवी होती; माझी नायिका औषधाच्या बाटल्या आवरते आहे. 'डूख' म्हटले तर तिने दंश करायचे ठरवल्यासारखे वाटते, 'आकस' म्हटले तर दोष तिच्याकडेच जातो, आणि 'खदखद' वर्तमानपत्रांनी नाराज कार्यकर्त्यांना देऊन टाकली आहे.

वऱ्हाडी: नामाचा हट्ट इंग्रजीचा आहे. आपण अशा जागी क्रियापदाने बोलतो: 'ती रागावली नव्हती, पण तिने सारे मनात धरून ठेवले होते.' आणि रत्नागिरीकर, आमच्या घरी आंबे पिकवायला माच लावत असत, अढी हा शब्द मी केवळ मनाच्याच संदर्भात ऐकला. तेव्हा तुमच्या व्युत्पत्तीचे काय करायचे?

जुना वाचक: 'मनात धरून ठेवले' यात प्रेमही बसते. वाक्य अपुरे आहे.

रत्नागिरीकर: वऱ्हाडी, शब्द फळ सोडून मनात राहिला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. बाकी तुमच्या माचात पेंढा घालत की गवत?