टोल्युइनच्या टाक्या आणि स्टीम हेडरवर वायरलेस प्रेशर ट्रान्समीटर : बसवताना काय सांभाळायचं?

लोटे_इन्स्ट्रुमेंट (प्रश्न)

लोटे औद्योगिक वसाहतीतला रासायनिक कारखाना. एकूण १० वायरलेसहार्ट ट्रान्समीटर (दाब मोजून रेडिओने पाठवणारे) बसवायचे आहेत. सहा टोल्युइनच्या साठवण टाक्यांच्या छतावर, नायट्रोजन ब्लँकेटिंगचा (द्रवावरच्या मोकळ्या जागेत भरलेल्या नायट्रोजनचा) दाब बघायला; चालू दाब ५० मिमी पाण्याचा स्तंभ. उरलेले चार स्टीम हेडरवर (वाफेच्या मुख्य पाइपवर), दाब १० किलो प्रति चौ. सेंमी (पुढे नुसतं किलो). टाक्यांपर्यंत केबल ट्रे नाही म्हणून वायरलेस.

खरेदी विभागाने सगळीकडे एकच मॉडेल धरलंय: ० ते १६ किलो गेज (बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते मोजणारं), अर्धा इंच एनपीटी (अमेरिकन पाइप आटा).

१. हे मॉडेल दोन्हीकडे चालेल का?
२. ब्लँकेटिंगचा दाब पडला की ट्रान्सफर पंप बंद व्हायला हवा. तो सिग्नल यातूनच घेऊ का?
३. काम जुलैत आहे. पावसात बॅटरी आणि रेंजचं काय?

दाबमापक

स्टीमला चालेल, टाकीला अजिबात नाही. ५० मिमी म्हणजे ०.००५ किलो. १६ किलो स्पॅनवर (पूर्ण मापनपट्ट्यावर) ०.१ टक्के अचूकता धरली तरी चूक ०.०१६ किलो, म्हणजे १६० मिमी. मोजायच्या दाबाच्या तिप्पट चूक! स्क्रीनवर आकडा दिसेल, पण त्याला काही अर्थ नसेल.

टाक्यांसाठी कमी रेंजचा डीपी (दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा) ट्रान्समीटर घ्या, समजा -२५० ते +२५० मिमी. हाय बाजू टाकीला, लो बाजू हवेला मोकळी. मोकळ्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर कुंभारीण माशी आठवड्यात मातीने भोक बुजवते. तोंड खाली वळवा. छतावर वारा असतो, त्यामुळे आकडा नाचतो. डॅम्पिंग (आकडा स्थिर करणारं सेटिंग) चार-पाच सेकंद ठेवा.

खरी गोची मात्र पुढे आहे. टाकीतली टोल्युइनची वाफ इम्पल्स ट्यूबमध्ये (टाकीपासून ट्रान्समीटरपर्यंतच्या नळीत) थंड होऊन साचते. टोल्युइनची घनता ०.८७, म्हणजे ट्यूबच्या खोलगट भागात ६० मिमी द्रव उभा राहिला की ५२ मिमी दाब गिळला. टाकीत दाब पूर्ण असतो आणि ट्रान्समीटर शून्य दाखवतो. लोक मग बॅटरी बदलतात, गेटवे (सगळ्यांची वाचनं गोळा करणारं उपकरण) रीस्टार्ट करतात, आणि दोष असतो वाकलेल्या ट्यूबमध्ये. म्हणून:

ट्रान्समीटर टाकीच्या नोझलच्या (जोडणीच्या तोंडाच्या) वरच हवा. ट्यूब निदान १२ मिमी बाहेरील व्यासाची, मीटरला ८ सेंमी उतार टाकीच्या दिशेने, मध्ये कुठेही पोट नको. जमलं तर ट्यूबच नको, नोझल, रूट व्हॉल्व्ह (तिथेच बंद करायचा व्हॉल्व्ह) आणि त्यावर थेट ट्रान्समीटर.

टॅपिंग (दाब घेण्याची जोडणी) स्वतंत्र नोझलवरून घ्या. नायट्रोजन आत येतो त्या पाइपात टी मारून घेतलं तर व्हॉल्व्ह उघडल्यावर टाकीचा नव्हे, त्या पाइपाचा दाब कळतो. ब्रीदर व्हॉल्व्ह (टाकीतला दाब फार वाढला-घटला की आपोआप उघडणारा), त्याच्या नोझलवरही तेच रडगाणं.

शून्य बसवल्या जागीच जुळवा. वर्कशॉपात जुळवून आणलेला ट्रान्समीटर थोडा तिरका बसला तरी या रेंजला काही मिमी सरकतो. रूट व्हॉल्व्ह बंद, दोन्ही बाजू हवेला मोकळ्या, आकडा स्थिरावला की झिरो ट्रिम (तो आकडा शून्य म्हणून जुळवणं). गळतीची चाचणी नायट्रोजनने घेताना ट्रान्समीटर आणि टाकी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद ठेवा. टाकी इतक्या कमी दाबाची असते की सिलिंडरचा रेग्युलेटर जरासा जास्त फिरला तरी छत फुगेल.

परमिट_खिडकी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पंप बंद करणारा सिग्नल तारेनेच न्या, स्वतंत्र प्रेशर स्विच किंवा ट्रान्समीटरवरून. वायरलेसवर ३० ते ६० सेकंदांनी एक वाचन येतं, वर दोन-तीन टप्पे उड्या मारत येतं. तेवढ्यात पंपाने टाकी रिकामी करता करता आत निर्वात निर्माण केला तर पत्रा आत ओढला जातो. ब्रीदर व्हॉल्व्ह साफ आणि चालू स्थितीत असणं हे पहिलं संरक्षण, तारेचा ट्रिप (पंप आपोआप बंद करणं) दुसरं. वायरलेसचा उपयोग कल बघायला आणि ऑपरेटरला आगाऊ सूचना द्यायला.

धोकादायक क्षेत्राबद्दल. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (पेट घेण्याइतकी वाफ निघण्याचं तापमान) ४ अंश, म्हणजे पेट्रोलियम नियमांत वर्ग ‘अ’. टाकीच्या आतला वाफेचा भाग झोन ० (स्फोटक वाफ सतत असणारी जागा), व्हेंटच्या आसपास झोन १ (अधूनमधून असणारी). ट्रान्समीटर बाहेर असला तरी त्याचा डायफ्रॅम आतल्या वाफेला लागतो, म्हणून ‘एक्स आयए’ (वाफ पेटवण्याइतकी ठिणगी न देणारा) असलेलाच घ्या आणि प्रमाणपत्रात प्रोसेस बाजूला झोन ० चालतो असं लिहिलंय का ते वाचा. टोल्युइन वायूंच्या गट आयआयए मध्ये येतं, तापमान वर्ग टी४ पुरून उरतो. परदेशी प्रमाणपत्र पुरेसं नाही. त्याच मॉडेलची पेसोची, म्हणजे नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता मागा. रेडिओ असल्याने डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची) ईटीए, म्हणजे उपकरण मान्यता पण. दोन्हींच्या प्रती खरेदी ऑर्डरमध्येच लिहून घ्या, नंतर पुरवठादार मागे लागल्याशिवाय देत नाही.

कामाच्या दिवशी: टाकीवर चढण्याआधी लाइन ब्रेक (पाइपची जोडणी उघडणं) आणि उंचीवरचं काम असे दोन परमिट. नोझलवरचा ब्लाइंड (बंद झाकण) काढण्याआधी नायट्रोजन बंद करून कुलूप लावा, टाकीचा दाब शून्यावर आणा. लक्षात ठेवा, नायट्रोजनने भरलेल्या नोझलवर तोंड नेऊन आत डोकावणं म्हणजे ऑक्सिजन नसलेला श्वास घेणं. एलईएल (हवेत पेटणारी वाफ किती आहे ते) आणि ऑक्सिजन दोन्ही दाखवणारा गॅस मीटर हवा. नुसत्या एलईएल मीटरने नायट्रोजन कळत नाही, आणि ऑक्सिजन कमी असेल तर त्याचा एलईएल आकडाही खोटा असतो. ट्रान्समीटरचं सेटिंग करायला साधा मोबाइल किंवा लॅपटॉप वर नेऊ नका, आयएस (ठिणगीचा धोका नसलेला) कम्युनिकेटरच.

अँटेनाचं आवरण प्लास्टिकचं असतं. सुक्या फडक्याने पुसलं की स्थिर वीज साठते. ओल्या फडक्यानेच पुसा.

झिरो_ट्रिम

स्टीमचं राहिलं. १० किलोची संपृक्त वाफ सुमारे १८३ अंशांची. ती थेट डायफ्रॅमवर गेली तर सेन्सर गेला. टॅपिंग हेडरच्या बाजूने, ट्रान्समीटर खाली, मध्ये सायफन (पाणी धरून ठेवणारी वाकवलेली नळी). रूट व्हॉल्व्ह उघडण्याआधी सायफन आणि ट्यूब पाण्याने भरा, मग पाव फेरा उघडून थांबा. ट्रान्समीटर टॅपिंगच्या दीड मीटर खाली असेल तर पाण्याच्या स्तंभाचे ०.१५ किलो जास्त दिसतील, ते ट्रिममध्ये वजा करा. हेडरला चिकटून बसवू नका. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झटकन कमी होतं.

आता आटे. आपल्याकडे स्टोअरमधून अर्धा इंची फिटिंग म्हणून बीएसपी (ब्रिटिश पाइप आटा) हातात येतं. एनपीटी आणि बीएसपी दोन्हींना इंचात १४ आटे, त्यामुळे दोन-तीन फेरे मजेत बसतं, आणि सगळे म्हणतात बसलं की. पण एकाचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. घट्ट केलं तरी गळतं, आणखी घट्ट केलं की ट्रान्समीटरचा आटा कापला जातो. फिटिंगवर कोरलेलं वाचा, नसेल तर थ्रेड गेज लावा. टेफलॉन टेप नर आट्याला दोन-तीन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. टोकाला आलेली टेप तुटून इम्पल्समध्ये जाते.

पाना लावताना सेन्सरच्या षटकोनी भागाला धरा, डोक्याला नाही. डोकं दिलेल्या मर्यादेपेक्षा, बहुतेक ठिकाणी १८० अंशांपेक्षा, जास्त फिरवलं की आतल्या सेन्सरच्या तारा तुटतात.

लोटे_इन्स्ट्रुमेंट

सहा नग बदलायला खरेदीला आजच कळवतो, ट्रिपची केबलही धरतो. नेटवर्क आणि पावसाबद्दल कोणी सांगेल का? गेटवे कंट्रोल रूमच्या छतावर आहे.

मेश_वाला

गेटवेची अँटेना छतापासून निदान २ मीटर वर, उभी, आणि वाय-फायच्या अँटेनाजवळ नको. ट्रान्समीटरची अँटेनाही उभीच, लोखंडी खांब आणि टाकीच्या रेलिंगपासून शक्यतो १ मीटर दूर. दाट पाइपरॅकमध्ये ३० मीटर अंतर धरा, मोकळ्या जागेत १५०. दहापैकी निदान तीन ट्रान्समीटर गेटवेला थेट दिसायला हवेत आणि प्रत्येकाला किमान तीन शेजारी. तुमचे स्टीमचे चार पाइपरॅकमध्ये दडलेले असतील, त्यांच्यासाठी एखादा रिपीटर मोजून ठेवा.

क्रम असा: आधी गेटवे चालू करून नेटवर्क आयडी ठरवा. मग प्रत्येक ट्रान्समीटरमध्ये तोच आयडी आणि जॉइन की (नेटवर्कमध्ये शिरायचा पासवर्ड). की १२८ बिटची, ३२ अंक-अक्षरांची, हाताने टाकताना एक चुकलं की ट्रान्समीटर तासन्‌तास शोधत बसतो. बॅटरी सगळ्यात शेवटी, आणि गेटवेच्या जवळच्या ट्रान्समीटरपासून बाहेरच्या दिशेने. नेटवर्क नसताना बॅटरी लावून ठेवली तर शोधण्यातच ती खर्ची पडते. सगळे जोडले गेल्यावर २४ तास हात लावू नका, नेटवर्क स्वतःचे मार्ग ठरवतं. नंतर सिग्नल बघा, -७५ डीबीएमपेक्षा (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) कमजोर शेजारी असेल तर अँटेनाची जागा बदला.

पावसाने सिग्नलला फरक पडत नाही. पाणी शिरतं ते झाकणाच्या ओ-रिंगमधून. झाकण धातूला धातू टेकेपर्यंत घट्ट करा, न वापरलेल्या भोकातला प्लास्टिकचा टोपा काढून प्रमाणित धातूचा प्लग लावा. पाऊस पडत असताना झाकण उघडायचंच नाही.

बॅटरी लिथियम थायोनिल क्लोराइडची. पाणी लागून फुटली तर हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड निघतो. वर्षभर स्टोअरमध्ये पडलेली बॅटरी लावल्यावर सुरुवातीला व्होल्टेज कमी दाखवते, ती लगेच फेकू नका, थोडा वेळ भार दिल्यावर सावरते. वाचनाचा वेळ ६० सेकंद ठेवला तर सर्वसाधारण हवेत दहाएक वर्षं जाते, १ सेकंद ठेवला तर वर्षभरच. टाक्यांना ६०, स्टीमला ३० पुरे.

संपलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावून वेगळ्या डब्यात ठेवा, भंगाराच्या ड्रममध्ये नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जातात.