आंबा, पपनस, साबुदाणा: घरी केलेल्या 'येउंग जी गाम लो'चे अनुभव लिहा

हाँगकाँगच्या गोडाच्या दुकानांत मिळणारा हा गारेगार पदार्थ. आंब्याचा रस, नारळाचं दूध, शिजवलेला साबुदाणा आणि वरून पपनसाचे मोकळे केलेले कण. कँटनीज नाव येउंग जी गाम लो, बाहेर सगळे मँगो पोमेलो सागो म्हणतात. मागच्या रविवारी पहिल्यांदा केला. हापूस होता, नारळाचं दूध घरी काढलं, साबुदाणा आपला उपासाचा. चव इतकी छान आली की मुलांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. पण साबुदाण्याचा गोळा झाला. आणि मे महिन्यात पुण्यात पपनस कुठेच दिसेना, म्हणून मोसंबी घातली. मोसंबीला रस सुटतो, पपनसाचे कण दाताखाली फुटतात ती गंमत तिच्यात नाही.

ज्यांनी घरी केलाय त्यांनी लिहा. बिघडला असेल तर तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

ठाणे
साबुदाणा भिजवलात ना? खिचडीची सवय असली की हात आपोआप भिजवायलाच जातो. इथे कोरडा साबुदाणा थेट खळखळत्या पाण्यात टाकायचा. वाटीभराला निदान आठ वाट्या पाणी, आणि तळापासून ढवळत राहायचं. दहा-बारा मिनिटांनी एक दाणा चमच्यावर घेऊन उजेडात बघा. कडेनं काचेसारखा झालेला असतो आणि मधोमध खसखशीएवढा पांढरा ठिपका उरतो. तेव्हाच गॅस बंद करून झाकण ठेवायचं. पंधरा मिनिटांत तो ठिपका जातो. मग चाळणीत ओतून नळाखाली गार पाण्यानं धुवायचा, बुळबुळीत पाणी जाईपर्यंत. या धुण्यात कुचराई केली की पुन्हा गोळा. साबुदाणा बारीकच घ्या.

आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे होतो. मूळ सागो ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या पिठाचा. पण आता तिकडेही बहुतेक ठिकाणी टॅपिओकाचेच मोती वापरतात. आपण काही कमी दर्जाचं घालतोय असं मनात आणू नका.

नाशिक
कृतीत 'इव्हॅपोरेटेड मिल्क' लिहिलं होतं, मी कन्डेन्स्डचा अख्खा डबा ओतला. गोड मिट्ट झालं, आंबा हरवला. इव्हॅपोरेटेड म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध. आता लिटरभर दूध निम्म्याहून थोडं कमी होईतो आटवते आणि पूर्ण गार झाल्यावरच रसात घालते. हापूसला वरून साखर लागतच नाही.

सिंगापूर
इथे राहून वीस वर्षं झाली. हा पदार्थ काही शतकांपासून चालत आलेला नाही. लेई गार्डन या हाँगकाँगच्या रेस्टॉरंटनं १९८४ साली सिंगापूरमध्ये शाखा काढली तेव्हा तो तयार केला, असं तेच सांगतात. नाव मात्र फार जुन्या गोष्टीवरून आलंय. येउंग जी म्हणजे विलोची डहाळी, गाम लो म्हणजे गोड दव. ग्वानयिन देवीच्या एका हातात कलश आणि दुसऱ्या हातात ही डहाळी असते. कलशातलं दव ती डहाळीनं दुःखितांवर शिंपडते. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वराचंच चिनी रूप, आणि बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा आपल्या 'अमृत' शब्दासाठी हेच 'गोड दव' वापरलं गेलं. शाळेच्या सहलीत कान्हेरीला अवलोकितेश्वराची मूर्ती पाहिली होती. हे कळल्यापासून पहिली वाटी भरताना मला ती मूर्ती आठवते.

सावंतवाडी
घरच्या नारळाचं पहिलं दाट दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नका. वर मेणासारखा थर धरतो आणि खाताना टाळूला चिकटतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, फ्रिज तर त्याहून कितीतरी थंड. रस आणि साबुदाणा गार करा, नारळाचं दूध त्याच दिवशी काढून वाढायच्या आधी अर्धा तास मिसळा.

डोंबिवली
मी याच धर्तीची बदामाच्या दुधाची जेली करते, वर लिची आणि फळं. जिलेटिन चालत नाही आमच्याकडे, म्हणून चायना ग्रास. एक फायदा सांगते: ताजं अननस किंवा किवी घातलं की जिलेटिन सुटतं, चायना ग्रास तसाच राहतो. मात्र तो नीट उकळून पूर्ण विरघळायला हवा.

रत्नागिरी
पपनसाबद्दल लिहिते, कारण आमच्या परसात झाड आहे. पहिली फळं उतरतात गणपतीच्या सुमाराला. हापूस तोवर कधीच संपलेला. ही दोन फळं आपल्याकडे एकमेकांना भेटतच नाहीत, त्यांची गाठ आपणच घालून द्यायची. मेच्या अखेरीस मी बिनसाखरेचा आमरस पिशव्यांत चपटा भरून फ्रीझरला ठेवते.

गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या रात्री केला. पपनस सोलायला आई बसली. आता तिला बारीक दिसत नाही, पण हे काम ती बोटांनी करते. सालीला चार चिरा, मग कापसासारखा पांढरा भाग सगळा काढायचा. प्रत्येक फोडीची पाठ नखानं उकलून पापुद्रा उलटा ओढायचा, की आतला गुलाबी गर अखंड सुटतो. तो अंगठ्यानं हलकेच चेपला की कण मोकळे होतात. नीट सुटलेला कण हाताला कोरडा लागतो, त्याचा थेंबभर रससुद्धा सांडत नाही. पापुद्र्याचा कपटा राहिला तर सगळी वाटी कडवट. मिक्सरला तर पपनस लावूच नका. एका फळाला आईला पाऊण तास लागला. माझी भाची शेजारी बसून कण मोजत होती आणि मधूनच तोंडात टाकत होती. आईनं वाटीत पहिला चमचा घातला आणि म्हणाली, आंब्याला आंबट सोबत मिळाली.

पुणे
ठाण्याच्या पद्धतीनं काल पुन्हा केला. दाणा न् दाणा सुटा झाला, मनापासून आभार. रत्नागिरीच्या ताई, तुमचं वाचून तीन पिशव्या आमरस फ्रीझरला ठेवलाय. तो बाहेर कधी काढायचा?

रत्नागिरी
आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवा. वाढताना रसात बर्फाची थोडी कणी राहिली तर राहू द्या. पपनस मात्र आयत्या वेळीच घाला, आणि हलवू नका.