फिल्टर चोक झाला की इंधन न गाळताच इंजिनात? विमानाच्या फ्युएल पंपांबद्दल दोन प्रश्न

निळी_रेघ
नमस्कार मंडळी, सध्या विमानाच्या इंधन यंत्रणेबद्दल वाचतोय आणि दोन ठिकाणी गाडी अडलीये. एक म्हणजे, इंजिनाला स्वतःचा पंप असतो तर टाकीत वेगळे इलेक्ट्रिक पंप कशाला, तेही एकेका टाकीत दोन-दोन? आणि ते बंद पडले तर इंजिन पण बंद पडतं का? दुसरा प्रश्न जास्त छळतोय. फिल्टर चोकअप झाला की एक व्हॉल्व्ह उघडतो आणि इंधन फिल्टरला वळसा घालून तसंच पुढे जातं म्हणे. मग फिल्टर बसवायचाच कशाला? ज्या वेळी घाण सगळ्यात जास्त नेमकं त्याच वेळी गाळणं बंद, हे काही पटत नाहीये. जाणकारांनी सविस्तर सांगावं, घाई नाही.

टर्बाइनवाला
दुसरा प्रश्न एकदम रास्त आहे, पण त्याचं उत्तर पहिल्यातून जातं म्हणून आधी पंप घेतो.

टाकीतले ते बूस्ट पंप. सेंट्रीफ्युगल असतात, म्हणजे आत इम्पेलर फिरतो आणि इंधन बाहेर फेकतो. अख्खा पंप इंधनात बुडलेला, त्याला थंड ठेवायचं काम पण तेच इंधन करतं. प्रेशर फार नाही, साधारण २० ते ४० पीएसआय (दाब मोजायचं एकक). नुसतं इंधन पोचवणं एवढंच त्याचं काम नाही, इंजिनाच्या पंपाच्या तोंडाशी प्रेशर टिकवून धरणं हे खरं काम. का, तर ३५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पावपटही नसतो आणि टाकी व्हेंटमधून (हवा आत-बाहेर जायची वाट) बाहेरच्या हवेला जोडलेली असते, त्यामुळे इंजिनाचा पंप नुसता ओढायला लागला की इंधनात विरघळलेली हवा सुटते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि हे बुडबुडे पंपात जास्त दाबाच्या बाजूला जाऊन फुटले की धातूचे कण उडवतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

दोन पंप यासाठी की एक गेला तरी दुसरा पुरतो. प्रत्येकाच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने इंधन जाऊ देणारा, असतो, नाहीतर चालू पंपाचं इंधन बंद पंपातून परत टाकीत यायचं. दोन्ही गेले तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. इंजिनाचा पंप स्वतः ओढू शकतो, सक्शन फीड म्हणतात त्याला, पण उंचावर त्याचा भरवसा नाही म्हणून गरज पडली तर खाली उतरावं लागतं.

आता इंजिनावरचा पंप. गिअरबॉक्सवर बसवलेला, म्हणजे इंजिन फिरतंय तोवर पंप फिरणार, विजेचा संबंध नाही. याच्या पोटात दोन टप्पे. पहिला परत सेंट्रीफ्युगल, कमी दाबाचा. तिथून इंधन बाहेर पडून हीट एक्स्चेंजरमध्ये जातं, तिथे इंजिनाचं गरम ऑइल त्याला तापवतं आणि स्वतः गार होतं, मग मेन फिल्टर, आणि मग दुसरा टप्पा, गिअर पंप, जो प्रेशर हजार पीएसआयच्या घरात नेऊ शकतो. फिल्टर मुद्दामच मध्ये ठेवलाय. गिअर पंपाचे दात आणि बॉडी यांच्यातली फट इतकी कमी की बारीक कणसुद्धा ओरखडे काढतो. शिवाय कमी दाबाच्या बाजूला असल्याने फिल्टरचं हाउसिंग फार जाड करावं लागत नाही, आणि इंधन आधीच कोमट झालेलं असल्याने जाळीवर बर्फ धरत नाही.

गिअर पंप आरपीएमप्रमाणे ठरलेलं इंधन ढकलतोच, इंजिनाला हवंय की नाही ते बघत नाही. जास्तीचं इंधन मीटरिंग युनिट (इंजिनाला लागेल तेवढं मोजून देणारा भाग) परत फिल्टरच्या आधीच्या किंवा पंपाच्या लाइनमध्ये वळवतं.

निळी_रेघ
वा, पंपाचं अगदी लख्ख झालं. पण बायपास?

टर्बाइनवाला
हो येतो. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर सतत मोजलं जातं. जाळी भरत गेली की फरक वाढतो, एका मर्यादेला कॉकपिटमध्ये इशारा येतो, आणि त्यापुढे फरक गेला की स्प्रिंगवरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे पायलटला आधी कळावं अशी सोय आहे. आता समज व्हॉल्व्हच नसता तर? जाळी पूर्ण भरली की इंजिन तिथल्या तिथे उपाशी. घाणेरडं इंधन गेलं तर पंप झिजेल, मीटरिंग युनिट अडखळेल, कदाचित इंजिन बंदही पडेल, पण तो 'कदाचित' आहे, आणि तेवढ्यात उतरायला वेळ मिळतो. एकाच इंजिनाचा इशारा आला तर बिघाड त्या बाजूचा असू शकतो. दोन्हींचा आला तर मात्र टाकीतलं इंधनच खराब आहे असं धरून चालायचं, आणि तिथे थांबायची सोय नाही.

म्हणून मी म्हणतो की इंजिनावरचा फिल्टर ही शेवटची चौकी आहे, इंधन स्वच्छ ठेवायची खरी लढाई जमिनीवरच जिंकावी लागते. आमच्या कामात फिल्टर बदलताना जुना एलिमेंट (आतली घड्यांची गाळणी) सरळ फेकत नाहीत. हाउसिंगखाली डबा धरून आधी इंधन काढायचं, एलिमेंट स्वच्छ ट्रेमध्ये ठेवायचा, घड्या उघडून उजेडात बघायच्या. चमचमणारी कणी दिसली तर आधी पंपावर संशय, काळपट चिकट थर दिसला तर टाकीत बुरशी, ती पाणी आणि इंधन जिथे एकमेकांना टेकतात त्या पट्ट्यातच वाढते. ओ-रिंग (सांधा गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी) दर वेळी नवीन, आणि शेवटी इंजिन चालवून लीक चेक. लांब समुद्रावरून जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांत तर एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांचं असं काम करायचं नाही, म्हणजे एकच चूक दोन्हीकडे व्हायला नको.

डावा_पंख
वरच्या उत्तराला +१, छोट्या विमानांबद्दल थोडी भर घालतो. कार्ब्युरेटरवाल्या सेस्ना १७२ ला फ्युएल पंपच नाही, टाक्या वरच्या पंखात आहेत म्हणून इंधन आपलं आपण खाली येतं. पायपर चेरोकीचे पंख खाली, तिथे इंजिनावर चालणारा डायफ्रामचा पंप आणि सोबत इलेक्ट्रिक पंप, जो टेकऑफ-लँडिंगला चालू ठेवायचा.

आणि उड्डाणाआधी टाकीच्या तळाच्या प्रत्येक ड्रेनमधून पारदर्शक नळीत इंधन काढून बघायचं हे कधीही टाळू नका. पाणी जड म्हणून तळाला बसतं, मध्ये रेघ दिसते. पण रेघ दिसली नाही म्हणून खूश होऊ नका, नळीत सगळंच पाणी असेल तरी रेघ दिसत नाही! एव्हगॅस १००एलएल (छोट्या पिस्टन विमानांचं पेट्रोल) निळसर असतं, तो रंग आणि वास दोन्ही बघायचं.

जुनापाना
बर्फाचा विषय निघालाच आहे तर १७ जानेवारी २००८ ची केस वाचाच. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७, बीजिंगहून हीथ्रोला येत होतं. उतरायच्या शेवटच्या मिनिटात दोन्ही इंजिनांची ताकद घटली, विमान रनवेच्या अलीकडे गवतावर आपटलं, सुदैवाने सगळे वाचले. इंधन गोठलं नव्हतं, लक्षात घ्या. त्यात नेहमी असतं तेवढंच किंचित पाणी होतं, त्याचा बर्फ लांबच्या थंड प्रवासात पाइपांच्या आतून साठत गेला आणि शेवटी जास्त इंधन मागितल्यावर एकदम सुटून हीट एक्स्चेंजरच्या तोंडावर अडकला. फिल्टरच्या आधीच अडथळा, त्यामुळे फिल्टरच्या बायपासचा इथे काही उपयोग नव्हता. बर्फ वितळून गेलेला, पण हाय प्रेशर पंपांच्या आत कॅव्हिटेशनच्या ताज्या खुणा सापडल्या, त्यावरून तपास करणाऱ्यांना कळलं की पंपांना पुरेसं इंधन मिळत नव्हतं. एक्स्चेंजरच्या नळ्यांची तोंडं थोडी बाहेर आलेली होती, त्यात बर्फ अडकायचा. नंतर डिझाइन बदलून ती सपाट केली.

निळी_रेघ
सगळ्यांचे खूप आभार. व्हॉल्व्हचं कोडं सुटलं, आता हीट एक्स्चेंजरवर वाचायला घेतो. टर्बाइनवाला, टाकीच्या तळाचं पाणी उडताना कोण काढतं हेही जमलं तर लिहा.

टर्बाइनवाला
त्यासाठी जेट पंप असतात, त्यात फिरणारा एकही भाग नाही. बूस्ट पंपाच्या इंधनाची धार बारीक तोंडातून सोडतात, तिच्या ओढीने टाकीच्या खोल कोपऱ्यातलं पाणी मिसळलेलं इंधन उचललं जातं आणि बूस्ट पंपाच्या तोंडाशी टाकलं जातं. पाणी साठू न देता थेंबाथेंबाने जाळून टाकायचं. तरी पार्किंगला ड्रेन करावंच लागतं.