शुक्रावरच्या दिवसाबद्दल थोडी भर
शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, ही या आठवड्यात कळलेली गोष्ट तुम्ही लिहिलीत. फार आवडली. शुक्र स्वतःभोवतीची एक फेरी पृथ्वीच्या सुमारे २४३ दिवसांत पूर्ण करतो आणि सूर्याभोवतीची सुमारे २२५ दिवसांत, त्यामुळे विधान बरोबरच आहे. पण गंमत पुढे आहे. तिथे एका सूर्योदयानंतर दुसरा सूर्योदय साधारण ११७ दिवसांतच होतो! शुक्र स्वतःभोवती उलटा, म्हणजे बहुतेक ग्रहांच्या विरुद्ध दिशेने फिरतो, म्हणून त्याची गिरकी आणि सूर्याभोवतीचं भ्रमण यांचा परिणाम एकत्र होतो आणि सूर्य लवकर परत येतो, तोही पश्चिमेकडून.

अशी माहिती वाचली की मला लगेच प्रश्न पडतो, हे मोजलं कसं? शुक्र तर कायम दाट ढगांत गुरफटलेला, पृष्ठभाग दुर्बिणीतून दिसतच नाही. उत्तर आहे रडार. १९६०च्या दशकात रेडिओलहरी ढगांपार पाठवून, परतलेल्या लहरींच्या अभ्यासातून त्याची संथ, उलटी गिरकी कळली. मला तर मूळ माहितीपेक्षा हेच जास्त भारी वाटतं.

चंद्राचंही तसंच. तो दरवर्षी पृथ्वीपासून सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातोय. १९६९मध्ये अपोलो ११च्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकावर (प्रकाश परत पाठवणाऱ्या आरशासारख्या उपकरणावर) आजही लेझर सोडतात आणि प्रकाशाला जाऊन यायला लागणारा जेमतेम अडीच सेकंदांचा वेळ अतिशय काटेकोरपणे मोजून चंद्राचं अंतर काढतात.

पुढच्या आठवड्यात जे लिहाल, त्यासोबत ते कसं शोधलं हेही जरूर लिहा.