जुन्या वसाहती पाडाव्यात की राहत्या जागी सावराव्यात?

उस्मानपुरेकर (छत्रपती संभाजीनगर)
अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या आमच्या तीन मजली इमारतींच्या स्लॅबमधील सळया उघड्या पडल्या आहेत आणि सगळे पाडून उंच इमारती उभारण्याचा प्रस्ताव रहिवाशांच्या बैठकीत आला आहे. माझा त्याला विरोध आहे. फ्रान्समधील बोर्दो शहरात ग्राँ पार्क येथील १९६० च्या दशकातील तीन इमारतींमधल्या ५३० घरांना बाहेरून खोल सज्जे जोडण्यात आले, लिफ्ट सुधारण्यात आल्या, आणि काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले. चाळीस वर्षांचा शेजार मोडून मिळणारे नवे घर अनेकांना परके वाटते.

लातूरकर
शेजाराचे मोल मी जाणतो, परंतु गंजलेली सळई भावनेने थांबत नाही. संरचना तपासणीत खांबच कमकुवत निघाले, तर त्यांना सज्जे जोडणे हा जिवाशी खेळ ठरेल. वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्यांना त्याच परिसरात ५०० चौरस फुटांची घरे विनामूल्य मिळत असून, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांच्या हाती चाव्या आल्या. पाडले म्हणजे माणसे उखडली, असे समीकरण मांडणे अन्यायाचे आहे.

नांदेडकर
वरळीचा हिशेब वरळीच्या जमिनीवर उभा आहे. तेथे विक्रीसाठीची घरे इतक्या चढ्या दराने जातात, की त्यातून मूळ रहिवाशांच्या घरांचा खर्च निघू शकतो. परभणी, बीड किंवा आमच्या नांदेडात वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर जादा बांधकामाची परवानगी, दिले तरी त्याला तो भाव येणार नाही. विकासकाने अर्ध्यावर काम सोडले, तर दोन वर्षांसाठी म्हणून भाड्याच्या खोलीत गेलेले कुटुंब तेथेच अडकते, आणि भाड्याचे धनादेश थांबले की लहान मुलांच्या शाळेपासून सगळेच विस्कटते. शासनाचा थेट पैसा नसेल, तर आपल्याकडे टप्प्याटप्प्याने दुरुस्ती हाच व्यवहार्य मार्ग आहे.

किल्लारीकर
३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. इतर असंख्य गावांत लोकांनी अनुदान घेऊन जुनी घरे जागीच बळकट केली. स्थलांतर अनेकांनी स्वतःच मागितले होते, कारण ढिगाऱ्याशेजारी झोप लागत नव्हती. मात्र रुंद रस्त्यांच्या आखीव मांडणीत भावकी विखुरली, जनावरे आणि कडबा कोठे ठेवायचा हा प्रश्न राहिला, आणि लोकांनी पुढे पत्र्याच्या खोल्या जोडल्या. संमतीची सही घेणे आणि अंगणाचा उपयोग विचारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लातूरकर
हे मला मान्य आहे, आणि त्यात एक भर घालतो. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो वसाहतीत अकरा मजली ३३ इमारती होत्या. देखभाल भाड्यातून करायची होती. भाडेकरू घटले, उत्पन्न आटले, लिफ्ट बंद पडल्या, आणि १९७२ मध्ये इमारती पाडण्यास सुरुवात झाली. आपल्या प्रस्तावातील उंच इमारतींची लिफ्ट, पंप आणि पाण्याचे बिल निवृत्तिवेतनावर जगणारे रहिवासी कसे भरणार, याचे उत्तर नसेल तर मीही पाडण्याच्या बाजूने मत देणार नाही.

उस्मानपुरेकर
मग बैठकीत मी माझा सरसकट विरोध मागे घेतो. आधी प्रत्येक इमारतीची स्वतंत्र तपासणी व्हावी. जी धोकादायक ठरेल तिच्याच पुनर्बांधणीवर मतदान व्हावे, आणि देखभालीचा निधी बँकेत जमा झाल्याशिवाय कोणीही घर रिकामे करू नये, असा ठराव मांडतो.