धागा: संग्रहालयातील प्रदर्शनासाठी लेगोचे जुने चाचे-संच कसे मांडावेत?

किनारपट्टी

नमस्कार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ज्या गावात आम्ही राहतो, तिथल्या छोट्या संग्रहालयात येत्या उन्हाळ्यात समुद्री चाच्यांवर एक प्रदर्शन भरणार आहे. त्यातला एक कोपरा खेळण्यांतल्या चाच्यांसाठी राखून ठेवला असून, त्यासाठी गावकऱ्यांकडून जुनी खेळणी उसनी मागवली आहेत. माझ्या यजमानांचे बालपण मस्कतला गेले आणि तिथून आलेल्या एका ट्रंकेत त्यांचे लेगोचे चाचे-संच आजही आहेत. ६२८५ क्रमांकाचे ब्लॅक सीज बॅराकुडा हे मोठे गलबत, ६२७६ एल्डोराडो फोर्ट्रेस हा किल्ला, ६२७० फॉरबिडन आयलंड, ६२७८ एन्चान्टेड आयलंड आणि बरेचसे किरकोळ तराफे व बेटे असा हा ऐवज आहे.

संग्रहालय आम्हाला काचेची दोन कपाटे देणार आहे. प्रत्येकाची लांबी सव्वा मीटरच्या आसपास आहे आणि खोली त्याच्या निम्म्याहून कमी. मला विचारायचे आहे ते असे की, सगळेच संच मांडावेत की निवडक, पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या विटांचे काय करावे, हरवलेले भाग नवे आणून बसवणे योग्य ठरेल का, आणि मांडणी ठरवण्यापूर्वी पाहून यावे असे एखादे ठिकाण आहे का. सूचनापुस्तिका आहेत, खोकी मात्र नाहीत.

दर्यावर्दी

सगळे मांडू नका, हे पहिले सांगतो. दोन कपाटांत सगळे कोंबले की दुकानाची खिडकी होते, आणि पाहणारा "अरे वा, हे माझ्याकडे होते" एवढे म्हणून पुढे जातो. संग्रहालयात ठेवायचे तर त्या वस्तूने काहीतरी सांगितले पाहिजे, आणि तुमच्या ट्रंकेत सांगण्यासारखी गोष्ट १९८९ या एका सालात दडलेली आहे.

लेगोची आज सर्वांना ठाऊक असलेली बाहुली, म्हणजे मिनिफिगर, १९७८ मध्ये आली. ती घडवणाऱ्या येन्स नीगोर क्नुडसेन यांचाच चाच्यांच्या मालिकेतही मोठा वाटा होता. त्या पहिल्या बाहुल्यांना दोन टिंबांचे डोळे आणि एक स्मित एवढेच असे. अग्निशामक दलाचा जवान असो, शिलेदार असो वा अंतराळवीर, चेहरा तोच. चाचे आले आणि ही शिस्त मोडली. कोणाला दाढी, कोणाला मिश्या, कोणाच्या डोळ्यावर पट्टी, एका हाताच्या जागी आकडा, एका पायाच्या जागी लाकडी खुंट. सोबत माकड आणि पोपट आले, आणि मिनिफिगरच्या हातात प्रथमच पिस्तूल व बंदूक आली. आधुनिक युद्धाची खेळणी न करण्याचे धोरण जपणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हे पाऊल लहान नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, १९८९ पूर्वीची हसऱ्या चेहऱ्याची एक साधी बाहुली मिळवा आणि पहिल्या कपाटात अगदी पुढे, चाच्यांच्या कप्तानाशेजारी उभी करा. बाहुलीची उंची जेमतेम ४ सेंटिमीटर, त्यामुळे ही जोडी काचेपासून वीतभर अंतराच्या आत असायला हवी, नाहीतर चेहरे दिसणारच नाहीत. मागे बॅराकुडा. दुसऱ्या कपाटात एल्डोराडो किल्ला आणि तो राखणारे, गव्हर्नरचे निळ्या अंगरख्यांचे शिपाई. दोन्ही संच एकाच वर्षाचे असल्याने समोरासमोर शोभतात. लाल अंगरख्यांचे शिपाई १९९२ पासूनचे आहेत, तेव्हा तुमच्या किरकोळ साठ्यात ते असतील तर या किल्ल्यावर चढवू नका. जाणकाराच्या डोळ्याला ते लगेच खुपते.

अभिलेखपाल

मी वस्तूंच्या जतनाचे काम करते, म्हणून त्याच अंगाने लिहिते. दर्यावर्दी यांच्या निवडीशी मी सहमत आहे.

या विटा एबीएस प्लास्टिकच्या आहेत. लेगोने हे प्लास्टिक १९६३ पासून वापरात आणले. त्यातला रबरासारखा घटक प्रकाश आणि हवेमुळे हळूहळू बदलतो व पांढऱ्या, करड्या आणि निळ्या विटांवर पिवळट झाक येते. धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, आणि उन्हात वाळत घालणे तर नकोच. सोनेरी मुलाम्याची नाणी ब्रशने घासू नका, मुलामा निघतो. ती पाण्यात हलवून कापडावर पसरून ठेवली की झाले.

खरी काळजी शिडांची घ्यावी लागेल. बॅराकुडाची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची शिडे छापील कापडाची आहेत, आणि रंगीत कापड ही प्रकाशाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. अशा वस्तूंसाठी संग्रहालये साधारणपणे ५० लक्सची (लक्स हे प्रकाशमापनाचे एकक) मर्यादा पाळतात, तेव्हा तुमचे कपाट खिडकीसमोर येणार नाही याची खात्री आधीच करून घ्या. उन्हाळाभर प्रदर्शन आहे म्हणजे इंग्लंडातही ऊन कमी नसते. शिडे धुऊ नका. कडांचे धागे सुटले असतील तर कापू नका आणि चिकटवूही नका. माझ्या मते मूळ शिडे आम्लरहित कागदावर सपाट ठेवून खालच्या फळीवर मंद प्रकाशात दाखवावीत आणि गलबतावर हुबेहूब नक्कल चढवावी. फलकावर तसे स्पष्ट लिहिले की कोणाची फसवणूक होत नाही.

आणखी एक गोष्ट. काळ्या प्लास्टिकच्या दोरखंड-जाळ्या, ज्यांवरून खलाशी डोलकाठीवर चढतो, त्या इतक्या वर्षांनी कडक झालेल्या असतात. त्या बसवताना आधी खोली उबदार असू द्या, आणि ताण देऊन अडकवू नका.

जुनाबाजार

शिडांची नक्कल चढवावी हे मला पटत नाही. ज्या गलबतावर मूळ शिडे आहेत ते गलबत दुर्मीळ, आणि आपणच ती उतरवून खाली आडवी ठेवायची? लोक ते भरलेले शीड पाहायलाच येणार. दिवा मंद ठेवा, पण शिडे गलबतावरच राहू द्या, असे मी सुचवेन.

पिवळेपणाबाबत संग्राहकांत एक पद्धत रूढ आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात विटा बुडवून उन्हात ठेवायच्या; काही तासांत पांढऱ्या विटा पुन्हा पांढऱ्या दिसू लागतात. किल्ल्याच्या भिंतींना याचा बराच फायदा होईल.

हरवलेल्या भागांसाठी ब्रिकलिंक, म्हणजे लेगोचे सुटे भाग व संच विकणारे संकेतस्थळ, हाच राजमार्ग आहे. सूचनापुस्तिका समोर ठेवून प्रत्येक संचाची यादी तपासा आणि भाग त्याच काळातला मागवा. २००४ च्या सुमारास लेगोने करड्या आणि तपकिरी रंगांच्या छटा बदलल्या, त्यामुळे आजची करडी वीट जुन्या भिंतीत बसवली तर ती निळसर दिसते आणि ठिगळ लपत नाही. गंमत अशी की त्यानंतरचा तांबूस तपकिरी रंग ठिसूळपणासाठी कुप्रसिद्ध आहे. पुष्कळदा पस्तीस वर्षांपूर्वीची वीट शाबूत निघते आणि पंधरा वर्षांपूर्वीची हातात मोडते.

बॅराकुडा घेताना वा मांडताना आणखी एक तपासा. हे गलबत २००२ मध्ये १००४० या क्रमांकाने पुन्हा विक्रीला आले होते. तुमचे मस्कतचे असल्यामुळे ते जुनेच असणार, पण फलकावर साल लिहिण्यापूर्वी पुस्तिकेवरचा क्रमांक पाहून घ्या. तोफाही पाहा. युरोपात विकलेल्या तोफांत स्प्रिंग होती आणि गोळा खरोखर उडत असे. अमेरिकेतल्या तोफा सुरक्षिततेच्या कारणाने न उडणाऱ्या केल्या होत्या. तुमची तोफ उडत असेल तर तो फलकावर नोंदवण्याजोगा तपशील आहे.

अभिलेखपाल

पेरॉक्साइडला माझा स्पष्ट विरोध आहे. ती प्रक्रिया वरच्या थरावरच काम करते, डाग असमान राहू शकतात, आणि काही काळाने पिवळेपणा परत येतो. स्वतःच्या घरातल्या फळीसाठी कोणी ते करत असेल तर तो त्याचा प्रश्न. पण मस्कतच्या घरात वाढलेल्या आणि रोज हाताळल्या गेलेल्या खेळण्याचा पिवळेपणा हा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो पुसून टाकल्यावर परत आणता येत नाही. फार तर सर्वाधिक पिवळ्या विटा मागच्या भिंतीत फिरवा. विटांच्या खेळण्याने ही सोय मुळातच दिलेली आहे.

शिडांबद्दल जुनाबाजार यांचे म्हणणे मी समजू शकते. प्रदर्शन तीनेक महिन्यांचेच असेल, दिवे खरोखर मंद असतील आणि बंद वेळेत कपाटावर कापड टाकले जाणार असेल, तर मूळ शिडे गलबतावर ठेवायला माझी हरकत नाही.

बिलुंडकर

पाहून यावे असे ठिकाण विचारले आहे, तर उत्तर डेन्मार्कमधील बिलुंड हेच आहे. तिथले लेगो हाउस सप्टेंबर २०१७ मध्ये उघडले. वरचे मजले खेळण्यासाठी आहेत. तुमच्या कामाचा भाग तळघरात आहे. तिथे १९३२ पासूनचा कंपनीचा इतिहास आणि जुने संच काचेमागे मांडलेले आहेत. घाईने बघू नका. लेबले किती थोडक्यात लिहिली आहेत, बाहुल्या कोणत्या उंचीवर ठेवल्या आहेत आणि खोके व संच यांची सांगड कशी घातली आहे, याची टिपणे घ्या. बिलुंडला स्वतःचा विमानतळ आहे, त्यामुळे इंग्लंडहून जाणे फारसे अवघड नाही. लेगोलँडमध्येही चाच्यांचा विभाग आहे, पण तो जत्रेचा भाग झाला. जुन्या संचांसाठी तिकडे जाण्याची गरज नाही.

खोकी नसल्याची खंत करू नका. सूचनापुस्तिकेचे मुखपृष्ठ गलबताशेजारी उघडे ठेवले तर तेच काम होते.

वेगळ्या धाटणीचे उदाहरण हवे असेल तर ऑस्ट्रेलियातील 'ब्रिकरेक्स' या प्रदर्शनाची छायाचित्रे पाहा. त्यात जुने संच नाहीत. बटाव्हिया, वासा, टायटॅनिक अशा बुडालेल्या जहाजांच्या नव्याने बांधलेल्या प्रतिकृती आहेत आणि त्यांच्या जोडीने खऱ्या सागरी पुरातत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. वीट आणि वस्तुस्थिती शेजारी ठेवण्याची ती हातोटी तुम्हालाही उपयोगी पडेल.

आंग्रेकालीन

एन्चान्टेड आयलंडचा कोणी उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. १९९४ ची ती बेटवासीयांची मालिका म्हणजे पिसांचे मुकुट, रंगवलेले चेहरे आणि मुखवटे. पॅसिफिकमधल्या कोणत्याही एका खऱ्या समाजाशी तिचा संबंध नाही, सगळ्यांची मिळून एक युरोपीय कल्पना आहे. हा संच शोभेसाठी म्हणून मांडू नये. मांडायचाच असेल तर 'इथे राहणाऱ्यांना या खेळाने कसे पाहिले' असे रोखठोक शीर्षक देऊन मांडावा.

आपल्याला हे चटकन कळावे, कारण 'चाचा' कोणाला म्हणायचे हे लिहिणारा ठरवतो, हा अनुभव कोकण किनाऱ्याने घेतलेला आहे. सरखेल कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख होते, मुंबईच्या इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर केलेला हल्ला त्यांच्या आरमाराने परतवला, आणि तरीही इंग्रजांच्या कागदांत ते चाचेच राहिले. लेगोने गव्हर्नरच्या शिपायांना कोणत्याही देशाचे नाव दिले नाही, पण निळे-लाल अंगरखे पाहून कोणता देश डोळ्यांसमोर येतो हे मुलांनाही सांगावे लागत नाही. किल्ल्याच्या फलकावर 'हा किल्ला कोणाच्या जमिनीवर उभा आहे?' एवढा एक प्रश्न लिहिलात तरी पुरे.

दर्यावर्दी

आंग्रेकालीन यांच्या मुद्द्याशी सहमत, पण प्रश्न एकच असावा. खेळण्याच्या कपाटावर निबंध नको. फलकासाठी आणखी एक गंमत सुचवतो. तांबड्या दाढीच्या त्याच कप्तानाला अमेरिकेत कॅप्टन रेडबिअर्ड म्हणत आणि ब्रिटनमध्ये कॅप्टन रॉजर. तुमचे प्रेक्षक ब्रिटिश असल्यामुळे चाळिशीतल्या पालकांना रॉजर हे नाव वाचून आनंद होईल.

मुलांना हात लावायला काहीतरी द्या, नाहीतर ती काचेवर थापा मारतील. त्यासाठी जुने काही बाहेर ठेवू नका. २०२० चा ३११०९ क्रमांकाचा क्रिएटर मालिकेतील चाचेगलबताचा संच किंवा नुसत्या सुट्या विटांची पेटी टेबलावर ठेवली तरी चालेल. २५०९ भागांचा २०२३ चा नवा एल्डोराडो मात्र मुलांच्या टेबलावर नको. तो जुन्या किल्ल्याशेजारी तुलनेसाठी ठेवला तर शोभेल, तेही कपाटात जागा उरली तरच.

किनारपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. बॅराकुडा आणि एल्डोराडो एवढेच मांडायचे, विटा फक्त धुवायच्या, आणि शिडे गलबतावर ठेवायची पण दिव्यांबाबत संग्रहालयाकडून लेखी हमी घ्यायची, असे ठरवले आहे. आंग्रेकालीन यांचा प्रश्न मी क्युरेटरबाईंना पाठवला. त्यांना तो फार आवडला. एन्चान्टेड आयलंड तूर्त ट्रंकेतच राहील. तोफ उडते, हेही यजमानांनी काल उत्साहाने सिद्ध केले.

आता एकच शंका उरली आहे. बांधलेला किल्ला घरून संग्रहालयापर्यंत न्यायचा कसा? त्याची उंचसखल बेसप्लेट (ज्यावर किल्ला उभा राहतो ती पायाची पाटी) एका कोपऱ्याशी आधीच पांढरी पडू लागली आहे.

अभिलेखपाल

पांढरी रेघ म्हणजे तिथे ताण बसला आहे आणि पुढे तडा जाऊ शकतो. ती बेसप्लेट प्लास्टिकच्या पातळ पत्र्याला साच्यात दाबून घडवलेली असते आणि आतून पोकळ असते, म्हणून किल्ला कधीही कोपऱ्याला धरून उचलू नका. विटा बसवायच्या ३२ खुंट्यांची बाजू म्हणजे २५.६ सेंटिमीटर, त्याहून चार बोटे मोठी प्लायवुडची फळी घ्या, उंचवट्याखालच्या पोकळीत मऊ फोमचा तुकडा बसवा आणि फळीसकट उचला. भिंती व बुरूज वेगळ्या पिशव्यांत न्या आणि तिथेच चढवा. गलबताच्या डोलकाठ्याही काढून, शिडे न दुमडता, वेगळ्या खोक्यात न्या.

निघण्यापूर्वी प्रत्येक संचाचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्या, असलेल्या तड्यांची नोंद करा आणि ती उसनवारीच्या करारनाम्याला जोडा. विम्यासाठी किंमत लिहिताना ब्रिकलिंकवर अलीकडे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वापरलेल्या संचांची सरासरी धरा, विक्रेत्यांनी मागितलेली किंमत नव्हे. संग्रहालय करारनामा देत नसेल तर तुम्हीच एक पानाचा लिहून त्यावर सही घ्या.