जोगत्याच्या पात्रासाठी खरा माणूस हवा, पण फक्त शिकवायला?

कृष्णाकाठचा (मिरज)
मी सांगली-मिरज भागात शूटिंगवाल्यांना माणसं पुरवतो. बाजारातली गर्दी, वरातीतले वाजंत्री, एखादी म्हातारी, असलं काम. मागच्या आठवड्यात एका वेबसिरीजसाठी फोन आला, जोगत्याच्या पात्राला "ओरिजिनल चेहरा" पाहिजे. जोगत्या म्हणजे यल्लमा देवीला वाहिलेला, लुगडं नेसणारा पुरुष. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, त्या जोगत्याच. मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन जोगवा मागतात, चौंडकं, म्हणजे काखेत धरायचं तारेचं वाद्य, असं वाजवतात की ऐकत राहावं. त्यांना घेऊन गेलो.

लॉजच्या खोलीत ऑडिशन. मावशींनी दोन वाक्यं झकास म्हणून दाखवली. मग कॅमेऱ्यामागचा पोरगा म्हणाला, "जरा टाळी वाजवून बोला ना." मावशी म्हणाल्या, "बाबा, आमच्यात टाळी न्हाई. आमी उदो म्हंतो." तर म्हणतो, "पण प्रेक्षकांना कळायला पाहिजे ना!" मावशींनी चौंडकं पिशवीत घातलं आणि आलेला चहासुद्धा न घेता खाली उतरल्या.

संध्याकाळी निरोप: भूमिका पुण्याचा एक नट करणार. मावशींनी दोन दिवस येऊन त्याला चौंडकं काखेत कसं धरायचं, लुगडं कसं नेसायचं ते शिकवायचं. पैसे गर्दीतल्या माणसाएवढेच. नाही म्हणून सांगू का? माझं कमिशनही यात आहे, खोटं कशाला बोलू.

घाटावरचा (वाई)
मेणवलीच्या घाटावर शूटिंगं बघतच मोठा झालोय, म्हणून सांगतो. शिकवणं हे वेगळं काम, त्याला गर्दीचा रेट लावून घेऊ नका. सल्लागार म्हणून कागद करा, श्रेयनामावलीत नाव लिहून घ्या आणि पैसे युनिट गावात आहे तोवरच. एकदा मुंबईला गेलं की बिल तीन महिने फिरतं. पॅनही बघून ठेवा, नसेल तर 20 टक्के कापतात. कागदांवर जुनं पुरुषी नाव असेल तर 2019च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी म्हणून प्रमाणपत्र मिळतं, ते आधी काढा. पुढच्या कामालाही उपयोगी पडेल.

तिसरी घंटा (सांगली)
थोडं उलटं बोलतो. नट म्हणजेच दुसऱ्याचं सोंग घेणारा. 'जोगवा' सिनेमात उपेंद्र लिमयेंनी जोगत्या केला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याच सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तेव्हा सीताही पुरुषच होता. ज्याचं त्यानंच करायचं म्हटलं तर नाटकच बंद होईल.

हलगी (कवठेमहांकाळ)
काका, सीता पुरुषानं केली कारण तेव्हा बाईला स्टेजवर उभंच राहू देत नव्हते. त्याचा दाखला कुठं देताय? 'फँड्री'तला जब्या, सोमनाथ अवघडे, मुळात हलगी वाजवणारं पोरगं. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कारच मिळाला की.
माझ्या बापाचे हात टीव्हीवर दिसलेत. हलगी त्यांनी वाजवली, तोंड दुसऱ्याचं दाखवलं. आई अजून पाव्हण्यांना सांगते, "ती बोटं आमची." बाप तेवढ्यात उठून बाहेर जातो.
आणि त्या नटाला टाळी मारायला लावली तर जतपासून शिराळ्यापर्यंत लोक हसतील, एवढं दिग्दर्शकाला नक्की सांगा.

तिसरी घंटा (सांगली)
सीतेचा मुद्दा मान्य. बाकी मत तेच आहे.

कृष्णाकाठचा (मिरज)
आपणच ठरवत बसलोय म्हणून आज मावशींनाच जाऊन विचारलं. भाकऱ्या थापत होत्या. म्हणाल्या, "शिकवते की. पोराचा काय दोष? पर टाळी घालणार न्हाईत असं आधी लिहून घे. आन् चौंडकं माझं देणार न्हाई, ते यल्लमाआईचं हाय." तिप्पट पैसे मागितलेत, नावासकट. प्रॉडक्शननं पैसे कबूल केले, नावाचं "बघतो" म्हणालेत. मीही अडून बसलोय.

आता अडलंय चौंडक्यावर. सतारमेकर गल्लीत विचारून आलो. तिथं तंबोरा सांगाल तसा करून देतील, चौंडकं कोण बनवतं ते मला कुणी सांगू शकलं नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा, मंगळवारच्या आत पाहिजे.